सगळीकडे ‘नाही’ लिहिलेला फॉर्म : सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याची एआय कायद्यांसाठीची तयारी

हा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. माल टेरी टॉवेलचा, म्हणजे अंगावर धाग्याचे लूप असलेल्या टॉवेलचा. बारा रेपियर माग (धोट्याशिवाय चालणारे) आणि शिलाई, चेकिंग, पॅकिंग धरून ३८ माणसं, त्यांत निम्म्याहून जास्त बायका. मालकांच्या वडिलांनी पूर्व भागात घरामागच्या शेडमध्ये चादरीचे माग चालवले. मालकांनी टॉवेल धरला आणि जागा बदलली. माल दोन वाटांनी अमेरिकेला जातो. पहिली वाट हॉटेलांना पुरवठा करणाऱ्या एका आयातदाराची. दुसरी सूनबाईंनी उभ्या केलेल्या वेबसाइटची, तिथून थेट गिऱ्हाइकाच्या घरी. दुसरी वाट लहान आहे, पण नफा तिच्यात बरा सुटतो. कारखान्याचं, आयातदाराचं, कुणाचंच नाव मी देणार नाही. मालकांशी तसं ठरलं आहे.

मी निर्यातदारांचे कागद बघतो : जीएसटी, शिपिंग बिलं, खरेदीदारांच्या अटी. जानेवारी २०२६ मध्ये, गड्ड्याची जत्रा भरली होती आणि कारखान्यात हजेरी पातळ होती, त्या दिवसांत दिवाणजींनी मला एक दोन पानी फॉर्म पाठवला. वरती ओळ होती : ‘भरून ठेवलाय, फक्त बघून घ्या.’ आयातदाराने सगळ्या पुरवठादारांना विचारलं होतं : मालाच्या फोटोंत एआयने बनवलेली माणसं आहेत का? गिऱ्हाइकाशी बोलायला बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम, आहे का? किंमत यंत्र ठरवतं का? कामगारांबद्दलचे निर्णय यंत्राच्या आधाराने होतात का? असे अकरा प्रश्न, आणि दिवाणजींनी अकराही ठिकाणी ‘नाही’ लिहिलं होतं.

मी कारखान्यात गेलो. मालक म्हणाले, “साहेब, आपल्याकडं कुठला आलाय एआय? माग हायेत, बाया हायेत. ‘नाही’ लिहून पाठवून द्या की.”

मालकांना खरोखर तसंच वाटत होतं, ते खोटं बोलत नव्हते. पण फॉर्मच्या शेवटी एक ओळ होती आणि तिच्याखाली सही करायची होती : वरील माहिती खोटी निघाल्यास ऑर्डर रद्द करण्याचा आणि झालेलं नुकसान वसूल करण्याचा हक्क खरेदीदाराकडे राहील. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला तेव्हापासून या कारखान्याच्या ऑर्डरी आधीच रोडावल्या होत्या. त्यात अशी सही म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. मी मालकांना म्हटलं, दोन दिवस द्या, आधी आपण कारखाना फिरून बघू.

आयातदार का विचारतोय, हे आधी समजून घ्यावं लागलं. अमेरिकेत साऱ्या देशाला लागू होणारा एआयचा एकच कायदा नाही, म्हणून एकेका राज्याने आपापला कायदा केला आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून नियम आहे की ऑनलाइन विक्रीसाठी बॉट वापरून, तो माणूस आहे असं गिऱ्हाइकाला भासवायचं नाही. मेन राज्याने २०२५ मध्ये साधारण तसाच नियम केला. युटाचा कायदा १ मे २०२४ पासून आहे. गिऱ्हाइकाने स्पष्ट विचारलं, ‘मी यंत्राशी बोलतोय का?’ तर खरं सांगणं तिथे बंधनकारक आहे. टेक्सासचा कायदा १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला, आणि इलिनॉयमध्ये नोकरभरती-बढतीत एआय वापरण्याचे नियमही त्याच दिवसापासून. तेव्हाच्या कायद्यांत कोलोरॅडोचा सर्वांत व्यापक. त्यावर २०२४ मध्ये सही झाली, तो १ फेब्रुवारी २०२६ ला लागू व्हायचा होता, पण पुढे ढकलला गेला आणि आम्ही कामाला बसलो तेव्हा ३० जून २०२६ ही तारीख होती.

आमच्या कामाचा कायदा मात्र न्यूयॉर्कचा निघाला. ११ डिसेंबर २०२५ ला तिथल्या गव्हर्नरांनी सही केली : जाहिरातीत संगणकाने बनवलेला, खऱ्या माणसासारखा दिसणारा कलाकार असेल, तर तसं ठळकपणे सांगायचं. अंमल ९ जून २०२६ पासून. पहिल्या चुकीला १,००० डॉलर दंड, पुढच्या प्रत्येक चुकीला ५,०००. आता यातली गोम बघा. जाहिरात बनवणाऱ्याला ते माणूस खोटं आहे हे प्रत्यक्ष माहीत असेल, तरच तो कायद्याच्या कचाट्यात सापडतो. आयातदार आपलेच फोटो त्याच्या कॅटलॉगमध्ये लावतो. ती माणसं खरी की बनवलेली, हे त्याला आपल्याशिवाय कोण सांगणार? म्हणून हा फॉर्म. आपण ‘नाही’ लिहिलं की तो निर्धास्तपणे फोटो छापणार, आणि उद्या कुणी बोट दाखवलं की आपली सही पुढे करणार.

न्यूयॉर्कचा सरकारी वकील नोटीस घेऊन अक्कलकोट रोडला येईल असं मला वाटत नाही, आणि मी मालकांना तशी भीती घातलीही नाही. कायदा आपल्यापर्यंत येतो तो खरेदीदाराच्या अटींतून, पैसे जमा करणाऱ्या गेटवेच्या नियमांतून, आणि माल विकणाऱ्या मार्केटप्लेसच्या एका ईमेलमधून. सोलापूरला हे नवीन नाही. १९९४ मध्ये जर्मनीने काही ॲझो रंगांवर बंदीचा नियम काढला, तेव्हाही इथल्या डाइंगवाल्यांकडे जर्मन पोलीस आले नव्हते. रंगाच्या तपासणीचे दाखले मागणारी पत्रं आली होती. ज्यांनी दाखले करून ठेवले त्यांचा माल गेला. मालकांना हे उदाहरण पटकन पटलं. वडील तेव्हा रंगाऱ्याकडे किती खेटे घालत होते, ते त्यांना आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक साधी लांब वही घेतली, कीर्दीसाठी वापरतात तशी. दिवाणजींनी रकाने आखले : काम कोणतं, यंत्र किंवा ॲप कोणतं, ते कुणाला दिसतं, कुणाच्या पैशावर किंवा पोटावर परिणाम होतो, शेवटचा निर्णय कोण घेतं. मग एकेका माणसाजवळ बसलो. ‘एआय वापरता का?’ असं कुणाला विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर ‘नाही’च येतं. विचारलं ते असं : “हे काम पूर्वी तुम्ही हातानं करत होता आणि आता आपोआप होतं, असं काय काय आहे?”

संध्याकाळपर्यंत वहीत सात ओळी भरल्या. वेबसाइटवरचे फोटो, चॅटवर उत्तर देणारा बॉट, गिऱ्हाइकागणिक सवलत ठरवणारं ॲप, गिऱ्हाइकांचे अभिप्राय ‘भरून देणारं’ आणखी एक ॲप, इंग्रजी पत्रं लिहायला दिवाणजींनी मोबाइलवर घेतलेली मदत, दारावरचं चेहरा ओळखून हजेरी घेणारं मशीन, आणि चेकिंगच्या टेबलावरचा कॅमेरा. मालक वहीकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांतल्या चार गोष्टींचे पैसे दरमहा त्यांच्याच खात्यातून जात होते.

लहान गोष्टी आधी उरकल्या.

अभिप्रायांचं ॲप त्याच संध्याकाळी काढलं. त्याने नऊ अभिप्राय स्वतःच रचून टाकले होते, टॉवेल कधीही हातात न घेतलेल्या गिऱ्हाइकांच्या नावाने. हा राज्याचा नाही, अमेरिकेच्या केंद्राचा विषय आहे. खोट्या अभिप्रायांवर तिथे २१ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे, एआयने लिहिलेले खोटे अभिप्रायही त्यात येतात, आणि जाणूनबुजून केलेल्या एकेका उल्लंघनाचा दंड ५० हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो. सूनबाईंना वाटलं होतं, ॲप जुन्या गिऱ्हाइकांच्या ईमेलमधून अभिप्राय घेतंय. नऊच्या नऊ पुसले.

सवलतीच्या ॲपचं थोडं वेगळं. ते गिऱ्हाइकाने आधी काय पाहिलं, कुठून आला, हे बघून एकाला १० टक्के सवलत दाखवायचं, दुसऱ्याला काहीच नाही. न्यूयॉर्कमध्ये १० नोव्हेंबर २०२५ पासून असा नियम आहे की गिऱ्हाइकाची वैयक्तिक माहिती वापरून यंत्राने त्याच्यापुरता भाव ठरवला, तर तसं त्या भावाशेजारी ठरावीक शब्दांत लिहायचं. आम्ही तो मजकूर लावून बघितला. टॉवेलच्या किमतीशेजारी ती ओळ वाचून सूनबाईच म्हणाल्या, “मी गिऱ्हाईक असते तर इथूनच परत गेले असते.” ॲप बंद केलं आणि सगळ्यांना एकच भाव ठेवला. माझ्या मते हा सगळ्यात सोपा निर्णय होता, आणि नव्या पेठेतल्या कुठल्याही जुन्या दुकानदाराने तो कायद्याशिवाय घेतला असता.

बॉटला एका मुलीचं नाव होतं आणि हसरा फोटो होता. आम्ही मागचे तीन महिने संवाद चाळले. एका बाईंनी रात्री विचारलं होतं, ‘तू खरी आहेस का?’ बॉटचं उत्तर : हो, मी आमच्या सोलापूरच्या कारखान्यातूनच बोलते आहे. सूनबाई हे वाचून गप्प झाल्या. त्यांनी बॉटला असं शिकवलं नव्हतं. कारखान्याची माहिती आणि ‘आपुलकीने बोल’ एवढीच सूचना दिली होती, बाकी त्याने रचलं. नाव काढलं, फोटो काढला, पहिल्याच ओळीत लिहिलं की हे स्वयंचलित उत्तर आहे, माणसाशी बोलायचं असेल तर इथे लिहा, भारतीय वेळेनुसार सकाळी दहा ते सहा आम्ही उत्तर देतो. राज्याराज्यांतला फरक बघत बसण्यापेक्षा सगळ्यात कडक नियम धरून एकच मजकूर सगळीकडे लावला. गिऱ्हाईक मेनचं की युटाचं, हे ओळखून वेगळी पाटी दाखवायला आपल्यासारख्या लहान धंद्याकडे माणूस नाही, आणि त्याची गरजही नाही.

फोटोंवर मात्र घरात दोन दिवस वाद चालला.

सूनबाईंनी वर्षभरात साठेक फोटो एआयने बनवले होते. तलावाकाठी बाथरोब घातलेली बाई, टोपीचा टॉवेल गुंडाळलेलं बाळ, दोन म्हाताऱ्या माणसांच्या खांद्यावर पट्ट्यांचे टॉवेल. दिसायला सुंदर. मॉडेल, फोटोग्राफर, स्टुडिओ हा खर्च या धंद्याला झेपत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. शिवाय त्या सासऱ्यांना म्हणाल्या, “मामा, टॉवेल तर आपलाच आहे ना? बाई खोटी असली म्हणून काय बिघडलं?”

मी बाथरोबवाल्या बाईचा फोटो मोठा केला आणि मालकांसमोर धरला. बाईच्या हातात आमचा पांढरा डॉबी बॉर्डरचा टॉवेल. मालकांनी चष्मा लावला, पडद्यावर बोट फिरवलं, आणि म्हणाले, “ही बॉर्डर आपली न्हवं.” खऱ्या टॉवेलवर बॉर्डरची पट्टी सपाट असते, तिथे पाइल, म्हणजे लूपांचा थर, उभा राहत नाही. विणताना तेवढ्या पट्टीत लूप सोडतच नाहीत आणि त्यामुळेच डॉबीची नक्षी उठून दिसते. यंत्राने त्या पट्टीवरही लूप काढले होते. टॉवेल अंगावरून सुटा लोंबत होता, आमच्या जीएसएमचा (दर चौरस मीटरला जितके ग्रॅम वजन) टॉवेल इतका पडत नाही, तो थोडा ताठ राहतो. मग मालकांनीच एकेक फोटो मोठा करत दाखवायला सुरुवात केली : इथे शिलाई दुमडपट्टीच्या बाहेर गेलीये, इथे चारीही कडा सारख्याच, सेल्व्हेज, म्हणजे विणीतली मूळ कड, दिसतच नाही. एका गिऱ्हाइकाने डिसेंबरमध्ये टॉवेल परत केला होता, कारण लिहिलं होतं ‘फोटोसारखा नाही’. तेव्हा सगळ्यांनी ते गिऱ्हाईक खडूस ठरवलं होतं.

न्यूयॉर्कचा कायदा बनवलेल्या माणसांबद्दल आहे, टॉवेलबद्दल नाही. पण फोटोतला टॉवेल आपला नसेल तर मालाची खोटी जाहिरात होते, आणि त्यासाठी तिथे नवा कायदा लागत नाही, जुने ग्राहक कायदे पुरतात. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. ज्या विणीसाठी ते मिळालं, तीच वीण आपल्या फोटोत चुकीची दिसावी, हे मला स्वतःला फार लागलं. मी ते बोललोही.

ठरलं असं : माणसं असलेले सगळे बनवलेले फोटो काढायचे. एआयची मदत घ्यायची ती फक्त मागची भिंत उजळवायला, सावली नीट करायला. घराच्या गच्चीवर एक रविवार फोटोग्राफर बोलावला. मालकांची पुतणी आणि शेजारचं दीड वर्षाचं बाळ उभं केलं, बाळाच्या आईची लेखी संमती घेतली. फोटो पूर्वीइतके चकचकीत आले नाहीत, मागे पाण्याची टाकी दिसते. पण बॉर्डर सपाट आहे. दोन फोटो सूनबाईंना सोडवेनात, त्यांखाली ठळक अक्षरांत लिहिलं : चित्रातील व्यक्ती एआयने बनवलेली आहे.

हे चालू असतानाच १० फेब्रुवारीला आपल्याकडे केंद्राने आयटी नियमांत दुरुस्ती केली आणि २० फेब्रुवारीपासून ती लागू झाली. एआयने बनवलेल्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या मजकुरावर खूण लावण्याची जबाबदारी प्लॅटफॉर्मवर आली, आणि मोठ्या समाजमाध्यमांनी टाकणाऱ्याकडून तसं जाहीर करून घ्यायचं आहे. रंग-उजेड सुधारणं यासारखी नेहमीची दुरुस्ती त्यातून वगळली आहे. म्हणजे गच्चीवर जे ठरलं ते इथेही चाललं. मालकांनी विचारलं, “महाराष्ट्राचा असा कायदा हाय का?” सर्व धंद्यांना लागू होईल असा नाही. राज्याचं महाॲग्री-एआय धोरण २०२५ मध्ये आलं, ते शेतीसाठी आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत सध्या वेगळा कायदा न करण्याचीच दिशा आहे. तरी अमेरिकेसाठी भरलेली वही उद्या इथेही कामाला येणार, हे मालकांच्या लक्षात आलं होतं.

आता चेकिंगचा कॅमेरा. फॉर्ममधला शेवटचा प्रश्न त्याच्याबद्दल होता आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते त्याच्याबद्दलच.

शिलाई झालेला प्रत्येक नग एका टेबलावरून कॅमेऱ्याखाली जातो. कॅमेरा ओढलेला लूप, डाग, तिरकी शिलाई शोधतो. गठ्ठ्याच्या तिकिटावर शिवणाऱ्या बाईचा नंबर असतो, त्यामुळे दर शनिवारी यादी निघते : कुणाच्या मालात किती दोष, आणि त्यावरून अ, ब, क. ‘क’ आलं की त्या आठवड्याचं बक्षीस जातं आणि सेकंड, म्हणजे दोष निघालेल्या, नगांचे पैसे कापले जातात. यंत्र भाड्याने देणाऱ्याने सांगितलं होतं की माणसापेक्षा अचूक आहे, आणि मालकांनी विश्वास ठेवला.

अकरा वर्षं शिलाईवर असलेल्या एका अक्कांना लागोपाठ तीन आठवडे ‘क’ आला होता. वही घेऊन त्यांच्याजवळ बसलो तेव्हा त्यांनी तक्रार अशी केलीच नाही. शिवता शिवता एवढंच म्हणाल्या, “माझ्या वाट्याला गडद रंग येत्यात. गडद्यावर त्याला सगळंच डाग दिसतंय.” हे त्यांनी आधी कुणाला सांगितलं होतं का, विचारलं. म्हणाल्या, “मशीनला काय सांगायचं?”

आम्ही त्याच दुपारी करून बघितलं. नेव्ही ब्लू रंगाचे ५० नग आणि पांढरे ५०. आधी दोन जुन्या चेकरनी हाताने, खिडकीजवळ, पालथा हात फिरवत तपासले. मग तेच नग कॅमेऱ्याखाली. पांढऱ्यात दोघांचा हिशेब जवळपास जुळला : हाताने पाच, कॅमेऱ्याने चार. नेव्हीत हाताने सहा, कॅमेऱ्याने एकोणीस. ते जादा तेरा नग आम्ही टेबलावर मांडले. कापसाचे पांढरे तंतू बसले होते, बाकी काही नव्हतं. शिलाई खात्यात तंतू उडतच असतात, हाताने झटकले की जातात. चेकर बाई झटकून मग बघते, कॅमेरा झटकत नाही. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन टेबलावर आलं तेव्हा परत फिरवले, तर आकडा आणखी वाढला.

मालक खुर्चीत बसून राहिले. मग दिवाणजींना म्हणाले, “तीन आठवड्याचं अक्काचं कापलेलं परत काढा.” कुणी सांगायच्या आत.

अमेरिकेतला एकही राज्य कायदा सोलापूरच्या अक्कांपर्यंत पोचत नाही. कोलोरॅडोचा तो कायदाही कोलोरॅडोत राहणाऱ्यांसाठीच केलेला. पण त्याने सांगितलेली रीत मी उचलली, कारण ती बरोबर आहे. नोकरी, कर्ज, घर, विमा असल्या मोठ्या बाबतीत यंत्राच्या आधाराने माणसाच्या विरोधात निर्णय झाला, तर त्याला कारण सांगायचं, चुकीची माहिती दुरुस्त करायची संधी द्यायची, आणि जमेल तिथे माणसाकडून फेरतपासणी मागू द्यायची. आपल्याकडे वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तीही नुकसानीपोटी पैसे कापण्याआधी कामगाराला म्हणणं मांडायची संधी द्यायला सांगते. १९३६ च्या वेतन कायद्यातही हे होतंच. कॅमेरा आला आणि मधली ती पायरी गळून पडली. कुणी मुद्दाम गाळली नव्हती, पण गळाली.

नवी पद्धत अशी बसवली. टेबलाआधी तंतू झटकायचा ब्रश आणि वरती एकसारखा उजेड, खिडकीला पडदा. कॅमेऱ्याने दोष सांगितलेला नग लगेच सेकंडमध्ये टाकायचा नाही, शिवणाऱ्या बाईला दाखवायचा. तिला मान्य नसेल तर ती नगाला लाल दोरा बांधते. लाल दोऱ्याचे नग रोज चार वाजता जुनी चेकर हाताने बघते आणि तिचा शब्द अखेरचा. अ-ब-क यादी बंद. महिन्यातून एकदा गडद आणि फिक्या रंगांचे नग निवडून हात आणि कॅमेरा यांचा मेळ बघायचा आणि वहीत लिहायचा. पहिल्या आठवड्यात फक्त चार दोरे बांधले गेले. बायकांना भीती होती की दोरा बांधणारीचं नाव लक्षात ठेवतील. अक्कांनी रोज बांधायला सुरुवात केल्यावर बाकीच्या बांधू लागल्या.

इलिनॉयच्या नियमांतली एक गोष्ट इथल्या मित्रांना मी मुद्दाम सांगतो. भरतीत एआय वापरताना पिन कोडचा आडून वापर करून कुणाला डावलायचं नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. सोलापुरात पेठेचं नाव सांगितलं की जात, धर्म, भाषा सगळंच कळतं. या कारखान्यात भरती ओळखीतून होते, ॲपने नाही, म्हणून वहीत ती ओळ नाही. पण जे अर्ज चाळायला ॲप घेतायत त्यांनी त्यात पत्त्याचा रकाना ठेवावा का, याचा विचार आजच करावा.

चेहरा ओळखणाऱ्या हजेरी मशीनवर फार वेळ गेला नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. चेहऱ्यांची माहिती कुठे साठते, काम सोडलेल्याची कधी पुसली जाते, हे यंत्रवाल्याकडून लेखी मागितलं. दारावर सूचना लावली, मराठीत आणि तेलुगूत. कन्नड वाचणारे दोघंच होते, त्यांना तोंडी सांगितलं.

मधेच मालकांच्या मेहुण्यांनी मुंबईहून फोन करून सांगितलं, ट्रम्पने हे सगळे राज्यांचे कायदे रद्द केले, उगाच खर्च करू नका. अर्धी बातमी खरी होती. न्यूयॉर्कच्या सहीच्याच दिवशी, ११ डिसेंबर २०२५ ला, अमेरिकेच्या अध्यक्षांनी राज्यांच्या एआय कायद्यांना कोर्टात आव्हान देण्यासाठी आदेश काढला. पण अध्यक्षांच्या आदेशाने राज्याचा कायदा रद्द होत नाही, त्याला कोर्टाचा निकाल किंवा संसदेचा कायदा लागतो. आणि राज्यांना दहा वर्षं थांबवण्याची तरतूद तिथल्या सिनेटने जुलै २०२५ मध्ये ९९ विरुद्ध १ अशी काढून टाकली होती. तारखा हलतील, एखादा कायदा बदलेल. म्हणून मी कायद्यांची जंत्री भिंतीवर लावू दिली नाही. वहीत एक पान तारखांचं ठेवलं आणि दर तीन महिन्यांनी ते माझ्याकडून तपासून घ्यायचं ठरवलं. कॅमेऱ्याचा उजेड आणि बॉटची पाटी यांना कुठल्या कोर्टाच्या निकालाची वाट बघायची नाही.

फॉर्म फेब्रुवारीच्या शेवटी गेला. अकरापैकी सहा ठिकाणी ‘हो’, प्रत्येकापुढे दोन ओळी : काय वापरतो, कोण बघतं, काय बंद केलं. फोटोंच्या प्रश्नापुढे आधीचे कोणते फोटो बनवलेले होते त्यांची यादी जोडली. मालक ती यादी पाठवायला कचरत होते. “आपणच आपलं उघडं करायचं?” पण त्यांतले तीन फोटो आयातदाराच्या कॅटलॉगमध्ये आधीच छापलेले होते, ते त्याला आपल्याकडूनच कळायला हवं होतं. दहा दिवसांनी उत्तर आलं : ते तीन फोटो काढले, गच्चीवरचे पाठवा, आणि लाल दोऱ्याची पद्धत जरा सविस्तर लिहून द्या. ऑर्डर पूर्वीइतकीच आली.

वही दिवाणजींच्या टेबलावर असते. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा आठवी ओळ दिसली, सूनबाईंच्या अक्षरात : बॉर्डरची नवी नक्षी सुचवणारं सॉफ्टवेअर, महिनाभर फुकट. ‘शेवटचा निर्णय कोण घेतं’ हा रकाना रिकामा होता. मी विचारलं तर म्हणाल्या, मामा आणि जॉबर (मागांवर देखरेख करणारा) यांच्यात अजून ठरायचंय.